ड्रायसूटची झिप आणि कुरिअरमध्ये गेलेले 16 दिवस

बोटाएवढ्या मेणाच्या कांडीसाठी मी 16 दिवस थांबले. अजूनही त्या कुरिअर ऑफिसवरून गाडी गेली की माझं डोकं तापतं.

गोव्यात ड्रायसूट, म्हणजे आत पाणी शिरू न देणारा, थंड पाण्यात डायव्हिंगला घालायचा सूट, कशाला, असं सगळेच विचारतात. खरंच, ग्रांद आयलंडला पाणी 27-28 अंश असतं, पातळ वेटसूट पुरतो. पण मला मार्चमध्ये आइसलंडला सिल्फ्रा या पाण्याने भरलेल्या खडकाच्या भेगेत उतरायचं होतं, आणि तिथलं पाणी बारा महिने 2 ते 4 अंश. सूट नॉर्वेहून परत आल्यापासून म्हापशाच्या घरी कपाटात होता, अख्खा पावसाळा. जानेवारीत काढला तर पाठीवरची पितळी झिप डाव्या खांद्यापर्यंत उघडली आणि तिथेच रुतली. दातांवर हिरवा कळंक चढला होता. चूक माझीच. समुद्रातून आल्यावर वरवर गोडं पाणी मारलं आणि झिप बंद करूनच सूट ठेवला. पितळी झिप पूर्ण उघडी, मेण लावून ठेवायची, आणि सूट असा गुंडाळायचा की झिपेला घडी पडणार नाही.

झिपेचं मेण बाहेरून मागवलं. चौथ्या दिवशी मेसेज आला, पार्सल रोखलंय. पणजीला गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, यावर लुब्रिकंट लिहिलंय. म्हणजे केमिकल. सेफ्टी डेटा शीट आणा."

"अहो, मेण आहे ते. मेणबत्तीला असतं तसं."

"मग मेण असं लिहायला हवं होतं."

शीट शोधून, छापून नेली. दुसऱ्या खेपेला आधारवरचं नाव आणि पार्सलवरचं नाव जुळेना, कारण पाठवणाऱ्याने वडिलांचं नाव गाळलं होतं. तिसऱ्या खेपेला फॉर्ममध्ये 'वापर' असा रकाना. मी 'डायव्हिंग सूटची झिप' लिहिलं, तर विचारलं, व्यावसायिक की घरगुती? घरगुती म्हटलं तर फॉर्म बदला, पुन्हा सही करा. तो माणूस एकदाही उद्धट बोलला नाही. म्हणूनच भांडताही येईना. म्हापसा-पणजी 13 किलोमीटर, तीन वेळा जाऊन येऊन, आणि घरी झिपेवरचा कळंक तसाच.

शेजारच्या काकूंनी चिंच सुचवली, पितळेची भांडी त्याच घासतात. पण दातांखालचं रबरी कापड आंबट पाण्यात भिजवायची माझी हिंमत झाली नाही. आई म्हणाली, खोबरेल लाव. तेलावर वाळू चिकटते, ती दातांत जाते, म्हणून तेही नको. सिलिकॉनचा स्प्रेही पितळी झिपेला मारू नका. पुढे झिप बदलायची वेळ आली तर त्या जागी गोंद धरत नाही.

शेवटी शुक्रवारच्या बाजारात मेणबत्त्या विकणाऱ्या मावशीकडून साधी पांढरी, बिनवासाची मेणबत्ती घेतली. कोमट साबणपाणी आणि मऊ टूथब्रश घेऊन एकेक दात घासला, गोड्या पाण्याने धुतलं, सावलीत वाळवलं. मग बाहेरच्या दातांवरच मेण घासलं. आतल्या बाजूला, जिथे झिप पाणी अडवते, तिथे लावायचं नाही. एका हाताने कापड ताणून धरलं आणि स्लायडर सरळ रेषेत बोटभर पुढे, बोटभर मागे. तिरपं ओढून एक दात जरी तुटला तरी अख्खी झिप बदलावी लागते. पाऊण तासाने खांद्याकडून 'कर्र' असा आवाज आला आणि स्लायडर सुटला. मी जमिनीवर बसून रडले, खरंच सांगते.

हे सगळं पितळी झिपेचं. प्लॅस्टिकच्या झिपेला मेण नको. तिच्यासोबत छोट्या ट्यूबमध्ये ग्रीस येतं, ते बंद होण्याच्या टोकाशी थोडंसं लावतात.

नंतर झिप लावली, गळा आणि मनगटं बांधून सूट फुगवला आणि झिपेवरून साबणाचा फेस फिरवला. झिपेवर एकही बुडबुडा नाही. उजव्या मनगटाच्या रबरापाशी मात्र दोन आले, ते आता बदलायचंय. त्याचं पार्सल मी इथे मागवणार नाही, आइसलंडला जाऊनच घेईन. मेणबत्तीचा उरलेला तुकडा सूटच्या पिशवीत टाकलाय, दर डाइव्हआधी एकदा फिरवायला.