मुलूला तीन रात्री राहा, एक संध्याकाळ पावसाची धरा

मुलूला गाडीरस्ता जात नाही. बोर्निओ बेटावरच्या मलेशियाच्या सारावाक राज्यात गुनुंग मुलू राष्ट्रीय उद्यान आहे. मी आणि आई मुंबई, क्वालालंपूर, मिरी असं करत शेवटी छोट्या पंख्याच्या विमानाने तिथे उतरलो. विमानातल्या जागा मोजक्या आणि उद्यानाच्या आवारातल्या खोल्याही मोजक्या. म्हणून आधी खोली आहे का ते विचारा आणि होकार आला की त्याच दिवशी तिकीट काढा. गुहांमध्ये वाटाड्याशिवाय सोडत नाहीत, तेव्हा त्या फेऱ्यांच्या जागाही खोलीबरोबरच सांगून ठेवा. आवाराबाहेर हॉटेल आणि घरगुती मुक्कामाच्या सोयी आहेत, पण रात्री दार उघडलं की समोर जंगल, हे सुख आतच मिळतं.

किती दिवस ठेवायचे, हा खरा प्रश्न. दोन रात्रींत गुहा बघून होतात, पण मुलूला यायचं मुख्य कारण म्हणजे डिअर केव्ह या गुहेतून संध्याकाळी थव्याने निघणारी वटवाघळं, आणि पाऊस असला की ती सहसा बाहेर पडत नाहीत. आणि हे वर्षावन आहे, इथे कोरडा महिना असा शोधून सापडत नाही. आमच्या पहिल्या संध्याकाळी चारलाच आभाळ फाटलं. दीड तास बाकावर बसून रेनकोटातून पाणी गाळत परत आलो. शेजारच्या जोडप्याचं दुसऱ्या दिवशी सकाळी विमान होतं. त्यांचे पडलेले चेहरे अजून आठवतात.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. डिअर केव्हची वाट तीन किलोमीटर आहे, बहुतेक सगळी लाकडी फळ्यांची आणि सपाट. आईचं वय ६७, गुडघे दुखरे, तरी ती थांबत थांबत आरामात पोचली. आधी लांग केव्ह, मग ही मोठी गुहा. आत शिरताच वटवाघळांच्या विष्ठेच्या ढिगांचा अमोनियासारखा उग्र वास येतो. टोपी घाला आणि वर बघताना तोंड मिटलेलं ठेवा. मागे वळून पाहिलं तर गुहेच्या तोंडाशी खडकाच्या कडेत अब्राहम लिंकनचा चेहरा दिसतो, नाकदाढीसकट.

सव्वापाचच्या सुमारास त्या काळ्या तोंडातून धुराची वेलांटी निघावी तशी पहिली रांग बाहेर आली. मग दुसरी, तिसरी. काही रांगा आधी गोल फिरून हवेत कडं करतात, मग नागमोडी लांबत जंगलावर जातात. बाहेर शिकारी पक्षी टपलेले असतात. एकटंदुकटं वटवाघूळ त्यांच्या तावडीत सापडतं, म्हणून सगळी थव्याने निघतात. या गुहेत २० ते ३० लाख वटवाघळं असावीत असा अंदाज आहे. रांग डोक्यावरून गेली तेव्हा लांबून सर येताना वाजते तसा आवाज आला. आईने माझं मनगट धरलं होतं, ते अंधार पडेपर्यंत सोडलं नाही.

परतताना घाई करू नका. प्रत्येकाकडे स्वतंत्र बॅटरी हवी. कठड्याला हात लावण्याआधी उजेड टाका, त्यावर केसाळ सुरवंट बसलेले असतात. आम्हाला वीतभर लांबीचा काडीकिडा दिसला. हलला नसता तर काडी म्हणून आम्ही पुढे गेलो असतो.

तिसरा दिवस नावेचा. मेलिनाऊ नदीतून बातू बुंगान या पेनान आदिवासींच्या वस्तीवर थांबून विंड केव्ह आणि क्लिअरवॉटर केव्हला जातात. इथे पायऱ्या बऱ्याच आहेत. आई खालीच नितळ डोहात पाय सोडून बसली, आणि मला वाटतं तिचं ठरलं ते बरोबरच होतं. पोहायचे कपडे जवळ ठेवा. पिनॅकल्सच्या चुनखडी सुळक्यांची चढाई करायची असेल तर त्यासाठीच तीन दिवस काढा. ती अवघड आहे, शिडी आणि दोराची सवय हवी.

शाकाहारी मंडळींनी जपून. पालेभाजीतसुद्धा बेलाचान, म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी, असू शकते. ऑर्डर देतानाच ‘बेलाचान नको’ म्हणा. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट नेलं होतं, त्याचा फार आधार झाला. रिंगिट रोख न्या, आत एटीएम मिळेल या भरवशावर राहू नका. कपडे लवकर वाळणारे घ्या, जीन्स तीन दिवस ओलीच राहते. क्वालालंपूरहून सारावाकला उतरल्यावर पासपोर्टवर पुन्हा शिक्का बसतो, त्यामुळे तो हातातल्या पिशवीतच असू द्या.

मुंबईचं विमान मुलूहून निघता त्याच दिवशी ठेवू नका. आमचं परतीचं विमान पावसाने अडीच तास उशिरा आलं. मिरीत एक रात्र राखून ठेवली होती, म्हणून आई धावपट्टीकडे बघत निवांत चहा पीत बसू शकली.