सहा जण तिकडे, आठ इकडे

टूर लीडरच्या कामात सगळ्यात आधी शिकवतात ते हेडकाउंट. गाडीत चढताना मोजायचं, उतरल्यावर मोजायचं, जेवायला बसल्यावर पुन्हा मोजायचं. आकडा जुळला की मगच पुढचं बोलायचं. बारा वर्षं मी हे करते आहे. सप्टेंबरातल्या त्या दुपारी माझा आकडा चौदा होता आणि त्यातले सहा जण दरीपलीकडच्या डोंगरावर होते. ज्या तारेवरून ते गेले होते, ती वाऱ्यामुळे बंद झाली होती.

जागा दक्षिण इटलीतल्या बासिलिकाता प्रांतातली, कास्तेलमेत्सानो. मातेराला आमचा तीन रात्रींचा मुक्काम होता. तिथून सकाळी लवकर निघालो. बासेंतो नदीचं खोरं सोडून रस्ता वर चढायला लागतो, वळणं घेत घेत कड्यात खोदलेल्या एका बोगद्यात शिरतो आणि बाहेर पडतो तो थेट गावासमोर. गाडीतली बडबड तिथं एकदम थांबली. सुळक्यांच्या पायथ्याला घरं अशी चिकटलेली की भिंत कुठं संपते आणि कडा कुठं सुरू होतो ते कळू नये. छपरंसुद्धा त्याच दगडाच्या लाद्यांची. या डोंगरांना 'लुकानियातले डोलोमाइट्स' म्हणतात (लुकानिया हे बासिलिकाताचं जुनं नाव), पण हे नाव फक्त दिसण्यावरून पडलंय. उत्तर इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगररांगेशी या दगडाचं नातं नाही. हा वालुकाश्म आहे, सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साठलेली वाळू. वारा-पावसानं त्याचे जे आकार झालेत, त्यांना गावकऱ्यांनी नावं दिलीत. इकडच्या गावात घुबड आणि सिंहाचा जबडा. समोरच्या पिएत्रापेर्तोसात गरुड, ऐरण आणि मोठी आई.

ग्रुप मुख्यतः पुण्या-नाशिकचा, बहुतेक सगळे गडकिल्ले चढणारे. म्हणून तर हे गाव कार्यक्रमात घातलं होतं. गावाच्या वरच्या अंगाला नॉर्मन काळातल्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि सरळ कातळात कोरलेला एक अरुंद, खडा जिना तिथं आकाशात चढल्यासारखा जातो. पूर्वी टेहळणीसाठी पहारेकरी तिथून वर जात. तो पाहून तीन-चार जणांच्या तोंडून एकाच वेळी 'हरिहर!' निघालं. ज्यांना आणखी दोरखंडाचं काम हवं, त्यांच्यासाठी दोन्ही गावांकडच्या कड्यांवर लोखंडी तार आणि पायऱ्या ठोकलेल्या चढाईच्या वाटाही आहेत. आमचं मुख्य आकर्षण मात्र होतं 'व्होलो देल आंजेलो', देवदूताचं उड्डाण.

२००७ साली सुरू झालेला हा प्रकार. दोन गावांच्या मधल्या दरीवर पोलादी तारा ताणल्या आहेत. कास्तेलमेत्सानोहून पिएत्रापेर्तोसाला जाणारी पेस्किएरे नावाची तार १,४५२ मीटर लांब, वेग ताशी १२० किलोमीटरपर्यंत. परत येणारी सान मार्तीनो १,४१५ मीटर, ताशी ११०. आधी वजन करतात, मग हार्नेस चढवून माणसाला पालथं अडकवतात, तोंड दरीकडे. सोडलं की गोफण फिरावी तसा तारेचा आवाज येतो आणि माणूस बघता बघता ठिपका होतो.

नऊ जण उडणार होते, पाच जण खाली चौकात बसणार होते. नाशिकचे एक काका-काकू होते, काका सहासष्ट वर्षांचे, काकू एकसष्टच्या, निवृत्त शिक्षिका. दोघांना जोडीनं उडायचं होतं. वजन मिळून मर्यादेबाहेर गेलं, म्हणून काका आधी आणि काकू मागून असं ठरलं. खिशातलं सगळं काढायला सांगतात. काकांनी फोन, चष्मा आणि एक निळा पाऊच काकूंच्या पाठपिशवीत टाकला. मी शेजारीच उभी होते. मी पाहिलं आणि काही बोलले नाही.

काका सहावे गेले. त्यांच्यानंतर वारा उठला. आधी खालच्या झाडांचे शेंडे हलले, मग आमच्या प्लॅटफॉर्मवरची पट्टी फडफडायला लागली. तिथल्या मुलानं वायरलेसवर दोन वाक्यं ऐकली आणि हात आडवा केला. काकू हार्नेस घालून उभ्या होत्या. त्यानं तो शांतपणे उतरवला. त्याच्या या निर्णयाबद्दल मला तेव्हाही आदर वाटला, आजही वाटतो. उशीर झाला म्हणून कुणी त्याच्यावर आवाज चढवावा, असं ते काम नाही.

खाली उतरताना काकू म्हणाल्या, "अगं, यांचं इन्सुलिन माझ्याकडेच राहिलं."

निळा पाऊच. गार पाण्यात भिजवून आतलं पेन थंड ठेवणारा. काका दुपारच्या जेवणाआधी इन्सुलिन घेतात हे माझ्या यादीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये बूट, जॅकेट, टोपी सगळं सांगितलं, औषध अंगावर ठेवा हे सांगितलं नाही. ही माझी चूक होती.

साडेबारा वाजले होते. आमची व्हॅन टायर दाखवायला खाली खोऱ्यात गेलेली, तीनच्या आत परतणार नव्हती. पलीकडे ठाण्याच्या एका मुलीनं चेनच्या खिशात फोन नेला होता, तिच्याकडून काकांशी बोलले. ते शांत होते. "मी जेवत नाही. थांबतो," म्हणाले. मी सांगितलं की बारमध्ये बसा, हातपाय थरथरले किंवा घाम आला तर लगेच साखर घ्या, वाट बघू नका. त्या मुलीला म्हटलं, त्यांच्याजवळून हलू नकोस.

चौकातल्या बारच्या मालकिणीला गाडी विचारली. तिनं दोन फोन केले. एक जण शेतावर, त्याला यायला तासभर. मग ती दाराशी आली, दरीकडे बोट केलं आणि म्हणाली, पायवाट आहे की. तारा येण्याआधी आम्ही कसे जात होतो?

ही वाट मला कागदावर माहीत होती. शेतकऱ्यांची जुनी वाट, आता 'सात दगडांची वाट' म्हणतात. साधारण दोन किलोमीटर. कापेरीनो ओढ्यापर्यंत ६६० मीटरवर उतरते आणि पिएत्रापेर्तोसाच्या बाजूला ९२० मीटरपर्यंत चढते. मी एकटीच निघणार होते. काकूंनी पिशवीचा पट्टा छातीवर आवळला. "मी रोज सकाळी पांडवलेणी चढते. चल." बाकीच्या सात जणांना जेवायला बसवलं, जागा सोडू नका म्हणून सांगितलं आणि आम्ही उतरायला लागलो.

वर एवढा वारा, आणि खाली पानही हलत नव्हतं. गुडघाभर वाळलेलं गवत, मधेच ओक, पायाखाली सुटे दगड. काकू आडव्या पावलांनी, गड उतरतात तशा उतरत होत्या. बोलत नव्हत्या. वाटेवर सात टप्पे आहेत, आणि या गावांच्या तोंडी कथांमधली एक गोष्ट तिथं दगडांतून सांगितली आहे. वीतो नावाच्या शेतकऱ्याला चेटकिणींची भुरळ पडते आणि तो त्यांच्याबरोबर नाचत सुटतो. नियती, भुरळ, चेटूक, चेटकिणी, उड्डाण, नृत्य, उन्माद असे ते सात शब्द. माझं लक्ष घड्याळाकडे होतं, दगडांकडे नव्हतं. पण एका ठिकाणी काकू थांबल्या, "इथं काय लिहिलंय?" म्हणाल्या. "व्होलो," मी म्हटलं, "उड्डाण." त्यांनी मान वर करून तार शोधली. दोन सुळक्यांच्या मधे, खूप उंचावर, एक रेघ. त्या तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग एकदम म्हणाल्या, "ते पंचवीस वर्षं इन्सुलिनवर आहेत. एकदाही माझ्या हातून पेन राहिलं नव्हतं." पेन त्यांच्या हातून राहिलेलं नव्हतं, माझ्यामुळे राहिलं होतं, मी तसं म्हटलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे, चालायला लागल्या होत्या.

ओढ्यानंतरचा चढ मात्र लागला. दोनदा बसलो. पाऊच भिजवलेलाच होता, तरी काकूंनी तो पुन्हा पुन्हा हातानं चाचपला. दोन वाजायला दहा मिनिटं असताना पिएत्रापेर्तोसाची पहिली घरं आली. बासिलिकातातलं हे सगळ्यात उंचावरचं गाव, १,०८८ मीटर. नावाचा अर्थ भोक पडलेला दगड. वरच्या टोकाचा किल्ला आणि त्याच्या खालची, अरबांच्या काळातली 'अराबाता' ही वस्ती मी ग्रुपला दाखवणार होते. त्या दिवशी मी तिच्याकडे नजरही टाकली नाही.

काका बारच्या बाहेर खुर्चीवर बसले होते, शेजारी ठाण्याची मुलगी, समोर न फोडलेली साखरेची पुडी. बाकीच्या चौघांनीही अन्नाला हात लावला नव्हता. कुणी त्यांना थांबा म्हटलं नव्हतं. काकूंनी खुर्ची ओढली, पेन काढलं, सुई लावली आणि एक शब्द न बोलता काकांच्या हातात दिलं. काकांनी टोचून घेतलं आणि मग म्हणाले, "तू चालत आलीस?"

जेवणात बारवाल्यानं क्रुस्को मिरच्या तळल्या. सेनीसेकडच्या लांबट लाल मिरच्या, माळ करून उन्हात वाळवतात, गरम तेलात काही क्षण बुडवतात. बाहेर काढल्या की मऊच असतात, गार होताना कडक होतात. काकू तिखटाच्या तयारीनं चिमूटभर तोडून खायला गेल्या, तर गोड! "सांडग्या मिरचीची बहीण," म्हणाल्या आणि दुसरी उचलली. ती सबंध.

साडेचारला वारा पडला. सान मार्तीनोची तार उघडली. सहाही जण तिच्यावरून परतले, आणि या खेपेला निळा पाऊच काकांच्या जॅकेटच्या आत, चेनबंद. काकू शेवटच्या. चढवताना त्यांना इटालियनमध्ये काहीतरी सांगितलं गेलं, त्यांनी मराठीत "हो, हो" म्हटलं आणि गेल्या. मी तारेचा आवाज बंद होईपर्यंत उभी राहिले, मग पलीकडे फोन लावला.

व्हॅन मला घ्यायला वळसा घालून आली. रात्री मातेराकडे परतताना मागच्या सीटवर काकू मोज्यांत रुतलेली गवताची कुसळं एक एक करून काढत होत्या आणि गाडीत कचरा नको म्हणून कागदी रुमालात गोळा करत होत्या. काका झोपले होते. "त्या सात शब्दांतला सहावा कुठला होता गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नृत्य," मी म्हटलं.

"हां," म्हणाल्या, आणि दुसरा मोजा काढला.