आमची वाटचाल : शिफू, मी आणि आमची दोन हॉटेलं

न्यू जर्सीतल्या आमच्या हॉटेलचं किचन शिफूंचं (चिनीत शिफू म्हणजे उस्ताद), हिशोब, लायसन्स आणि माल माझ्याकडे. मी मालवणचा, ते चेंगडूचे, सिचुआन प्रांतातले.

शिफूंचा जन्म १९५८ चा. पुढच्याच वर्षी चीनमध्ये मोठा दुष्काळ सुरू झाला आणि त्यात सिचुआनचे हाल सगळ्यात जास्त झाले, म्हणजे भात पिकवणारा मुलूख आणि लोक उपाशी मेले, कारण वरच्यांना खूश करायला अधिकारी पीक फुगवून दाखवायचे आणि त्या आकड्यावर सरकार धान्य उचलून न्यायचं. हे त्यांना आईने सांगितलेलं. त्यांना स्वतःला आठवतात ती कूपनं. धान्य, तेल, मांस, कापड सगळं कूपनवर, खिशात पैसे असले तरी कूपन नसेल तर दुकानातून परत यायचं. तेलाचं तर महिन्याचं मोजून मिळायचं, आई कढईत थेंब थेंब टाकायची.

पुढे सरकारी खानावळीत शिकाऊ म्हणून लागले, नव्वदच्या दशकात अमेरिकेत आले आणि इथे काय तर टेकअवेमध्ये गोड गोड ऑरेंज चिकन करत बसले. मनासारखं करायचं तर हुआजिआव लागतं, जिभेला मुंग्या आणणारी ती सिचुआनची मिरी, आणि तिची आयात इथे १९६८ पासून बंद होती, संत्र्या-लिंबाच्या झाडांना कँकर रोग लागेल म्हणून. २००५ मध्ये ती बंदी उठली, तीही उष्णता देऊन रोगजंतू मारलेल्या मालापुरती. मग आम्ही हॉटेल काढलं. पहिलं पोतं आलं तेव्हा मी एक दाणा चावला, अहो हे तर आपल्या तिरफळाचंच भावंड, आईच्या बांगड्याच्या तिखल्यातलं! आपल्याकडच्या शेजवान, म्हणजे सिचुआनच्याच नावाच्या, चटणीत हे बहुतेक नसतंच.

सुरुवातीला गिऱ्हाईकं म्हणायची, माशावर एवढं लाल तेल कशाला, कमी करा, आणि खर्च बघून मलाही तेच वाटायचं. पण शिफू ठाम. ते तेल प्यायचं नसतं, मासा त्यात गरम राहतो आणि मिरची-हुआजिआवचा वास त्यातच उतरतो. आणि मला वाटतं, ज्याच्या घरी तेल मोजून यायचं त्या माणसाच्या कढईत आपण हात आखडता घ्यायला सांगूच नये. मी त्या दिवसापासून तेलाच्या बिलावर बोललो नाही. माबो तोफू या तिखट सिचुआनी पदार्थासाठी डोबानजियांग, म्हणजे मिरची आणि बाकल्याच्या शेंगांचे दाणे आंबवून केलेली पेस्ट, तीही चेंगडूजवळच्या पीशियनचीच मागवतो, महाग पडली तरी.

आता दुसऱ्या हॉटेलचं किचन त्यांच्या हाताखाली तयार झालेला मुलगा चालवतो. दुपारी स्टाफ आधी जेवतो, मगच शटर वर जातं, हा नियम शिफूंचा आणि दोन्हीकडे तोच आहे.