जानेवारीतली रेष मार्चमध्ये सरकली

हवाईला मौना केआ पर्वतावरच्या जेम्स क्लर्क मॅक्सवेल टेलिस्कोपचा डेटा घेऊन काम करायचे तेव्हाची गोष्ट. जवळच्या गॅलक्सींमधला थंड गॅस मोजायचं काम चालू होतं आणि माझ्या वाट्याला आली होती एम८१. सप्तर्षीच्या भागात आहे, साधारण १.२ कोटी प्रकाशवर्षं लांब, फोटोत बघत राहावं इतकी देखणी, पण गॅस शोधायला गेलं की रडवते, कारण तिच्यातला सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड फारच मंद आहे.

आता सीओच का, तर तारे ज्यातून बनतात तो हायड्रोजनचा रेणू उणे अडीचशेच्या थंडीत जवळपास गप्पच असतो, दोन सारखे अणू, विद्युतभार दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे लहरी सोडत नाही, म्हणून त्याच ढगात थोडासा मिसळलेला सीओ पकडायचा आणि त्यावरून हायड्रोजनचा अंदाज बांधायचा. सीओ ठरावीक फ्रिक्वेन्सीला लहरी सोडतो, त्यालाच रेष म्हणायचं, आणि ती किती सरकली यावरून गॅसचा वेग कळतो. आमची रेष ३४५.८ गिगाहर्ट्झला येते, आणि तिथे हवेतली वाफ सगळा सिग्नल खाऊन टाकते म्हणून मग ४०९२ मीटर उंचीवर जाऊन बसायचं.

जानेवारीच्या डेटात पिक्सेल पिक्सेल बघितलं तर नुसता नॉइज, पण सगळ्या नकाशाची सरासरी काढली की शून्य वेगापाशी सुईसारखी एक रेष उभी राहायची. एम८१ सेकंदाला ३४ किमी वेगाने आपल्याकडे येतेय आणि स्वतःभोवती फिरतेय त्यामुळे दोन्ही बाजूंना दोनेकशे किमीपर्यंत वेग पसरतो, म्हणजे शून्यावरची रेष तिची असू शकतेच की! ग्रुपमध्ये सगळे खूश होते. मला मात्र तिची रुंदी खटकत होती, जेमतेम अर्धा किमी प्रति सेकंद. टेलिस्कोपच्या एका बीममध्ये, म्हणजे त्याला एका वेळी दिसणाऱ्या आकाशाच्या ठिपक्यात, तिथली आठशे प्रकाशवर्षं मावतात, त्यातले ढग आपापल्या वेगाने हलत असणार, मग रेष इतकी बारीक राहीलच कशी?

मार्चमध्ये परत वेळ मिळाला तेव्हा मी स्वतः वर गेले. आधी डोंगरावर खालच्या बाजूला असलेल्या हाले पोहाकूच्या मुक्कामी राहून शरीराला उंचीची सवय करायची आणि मग संध्याकाळी वर. तिथे डिशच्या समोर गोरटेक्सचा अवाढव्य पडदा असतो, सबमिलिमीटर लहरी त्यातून आरपार येतात, आपल्याला काही आकाश दिसत नाही, सगळं स्क्रीनवर. टाऊ, म्हणजे हवा सिग्नल किती अडवते त्याचं माप, ०.०७ होता, म्हणजे चांगलीच कोरडी रात्र. ऑपरेटरने टेलिस्कोपचा नेम नीट लावून दिला आणि हार्पने, म्हणजे आमच्या सोळा पिक्सेलच्या रिसीव्हरने, स्कॅन सुरू केले.

पहाटेकडे पुरेसा डेटा जमल्यावर सरासरी काढली. रेष होती, तशीच बारीक, पण शून्यावर नाही, उणे पंधराच्या आसपास!! गॅलक्सी काय दोन महिन्यांत वेग बदलते होय? मग नकाशाचे लांबचे कोपरे वेगळे काढले, जिथे एम८१ चा मागमूस नाही, तिथेही तेवढीच उंच रेष. ऑपरेटरला दाखवलं तर तो एवढंच म्हणाला की डेटाला लावलेली पृथ्वीच्या वेगाची दुरुस्ती काढून बघ. काढली, आणि जानेवारी, मार्च दोन्ही रेषा बरोब्बर शून्यावर येऊन बसल्या.

म्हणजे तो सीओ आपल्या डोक्यावरचा होता. ७० किमी आणि त्याहून वर सूर्याच्या अतिनील किरणांनी कार्बन डायऑक्साइड फुटतो आणि सीओ तयार होतो, हवा इतकी विरळ की रेष एकदम बारीक राहते. खरं तर सोर्समधून बाजूचं रिकामं आकाश वजा केलं की हे निघून जायला हवं, पण हवाईहून एम८१ चाळीसेक अंशांच्या वर चढतच नाही, आणि ते रिकामं आकाश थोडं वर किंवा खाली असलं की तिथल्या हवेची जाडी जराशी वेगळी पडते. हा फरक फारच बारीक, काही मिलिकेल्विनचा (रेडिओ सिग्नलची ताकद तापमानाच्या एककात मोजतात), पण एम८१ चा सिग्नलही त्याच मापाचा, तिथेच सगळा घोळ. पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्यामुळे हवेतली रेष गॅलक्सीच्या वेगाच्या पट्टीवर वर्षभर सरकत राहते, या गॅलक्सीच्या दिशेला जास्तीत जास्त अठरा-एकोणीस किमीपर्यंत.

खाली आल्यावर हवेतली रेष ज्यात होती तेवढे वेगाचे चॅनल काढून टाकून मी पुन्हा सगळं बघितलं, या वेळी पूर्ण नकाशा न घेता फक्त सर्पिल भुजांवरचे धुळीचे पट्टे धरून. आणि एका पट्ट्यावर एक बुटका, रुंद उंचवटा दिसला. जानेवारीत ज्या वेगावर होता त्याच वेगावर मार्चमध्येही, आणि व्हीएलए या अमेरिकेतल्या रेडिओ टेलिस्कोपच्या २१ सेंमी हायड्रोजन नकाशात त्या जागेचा जो वेग होता त्याच्याशी जुळणारा. हा खरा एम८१ चा गॅस! जानेवारीपासून तिथेच होता, त्या चकचकीत रेषेपुढे कोणी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं, मला इतका आनंद झाला की काय सांगू.

ज्यांच्या गॅलक्सीचा वेग शून्याच्या आसपास फिरतो त्यांना मी आता हेच सांगते की शक्य असेल तर डेटा दोन वेगळ्या महिन्यांत घ्या आणि सरासरी काढायच्या आधी दोन्ही शेजारी ठेवून बघा.