दोन हातांची तलवार, एका हातात

पावसाळ्यात शनिवारी संध्याकाळी आमच्या कुडाळच्या घराच्या पडवीत, वीज असो वा नसो, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव मांडला जातो. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या या खेळाला कागद, पेन्सिल आणि फासे एवढेच साहित्य लागते. एकाने सूत्रधार व्हायचे, बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचे आणि प्रसंग पडेल तसे बोलायचे. लिखित संहितेवाचून रात्रभर संवाद रंगवणारा दशावतार लहानपणापासून पाहिलेल्या आम्हां मंडळींना त्यात नवे वाटले ते फक्त फासे.

सूत्रधार मी असतो. यंदाच्या पहिल्याच डावात माझ्या मावसभावाने आपल्या योद्ध्याच्या दोन्ही हातांत एकेक महातलवार दिली आणि मी नियमावर बोट ठेवल्यावर विचारले, "हात दोन आसत, तर तलवारी दोन कित्याक नाय?"

प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. २०१४ च्या नियमपुस्तकात महातलवार हे मुळातच दोन्ही हातांनी चालवायचे शस्त्र आहे, आणि दोन हातांत दोन शस्त्रे घेऊन लढायचे तर ती दोन्ही हलकी असावी लागतात. खास कौशल्य कमावलेल्याला त्यात थोडी सवलत मिळते, परंतु तीही एका हाताने पेलणाऱ्या तलवारीपुरतीच. मला या नियमातला हिशेब आवडतो. महातलवारीच्या घावाला दोन सहापैलू फासे पडतात आणि आखूड तलवारीच्या घावाला एक. म्हणजे दोन आखूड तलवारी आणि एक महातलवार यांचे फासे सारखेच होतात. मावसभावाला मात्र चार फासे हवे होते. असा हट्ट धरणारा तो काही पहिला नव्हे. 'पाथफाइंडर' या भावंडासारख्या खेळाच्या २०११ च्या एका पुस्तकात दोन हातांचे शस्त्र एका हातात धरू शकणारा रानटी योद्धा आहेच, आणि त्यासाठी त्याला घाव लागतो की नाही हे ठरवणाऱ्या वीसपैलू फाशाच्या फेकीत दोन गुणांचा दंड भरावा लागतो.

मग त्याने अपेक्षेप्रमाणे बाजीप्रभूंना मध्ये आणले. १६६० साली खिंड लढवणारे बाजीप्रभू चित्रांत दोन्ही हातांत शस्त्रे घेऊन उभे असतात हे खरे. पण दांडपट्टा घेतला, तर त्याची मूठ लोखंडी खोबणीच्या आत असते, पाते कोपरापासूनच्या हाताचीच लांबण होते आणि ते शस्त्र घडवलेलेच असते एका हातासाठी. अर्जुनाचे सव्यसाची हे बिरुदही मावसभावाच्या कामी येत नाही, कारण धनुष्याची दोरी कोणत्याही हाताने ओढली तरी धनुष्य धरायला दुसरा हात लागतोच.

बोलून भागेना, तेव्हा मी माळ्यावरून मुसळ काढले आणि मावशीकडून तिचे मागून आणले. महातलवार सहा पौंडांची, म्हणजे पावणेतीन किलोंच्या आतबाहेर. आमची मुसळे त्याहून फार जड नसावीत. मावसभावाने दोन्ही उचलली, खाली सोडली, पुन्हा उचलली आणि विजयाने आमच्याकडे पाहिले. विहिरीवरून दोन कळश्या आणणाऱ्या माणसाला हे वजन काहीच नाही, उलट दोन्ही बाजूंच्या भाराने चाल सावरते. परंतु मुसळ आडवे धरताच सगळे बदलले: भार मुठीत न राहता टोकाकडे गेला आणि मनगट मुरगळू लागले. लांब मुठीवर दोन हात असले की एक टेकू होतो आणि दुसरा तरफ. एकाच हाताला दोन्ही कामे करावी लागली की घाव घालता येतो, आवरता येत नाही. उजवे मुसळ फिरले ते डाव्यावर आपटले, डावे उसळून पडवीच्या वाशाला लागले आणि कौलांतली वर्षानुवर्षांची धूळ आमच्या नकाशावर उतरली.

"कांडताना दोघी असतव," दारातून पाहत असलेली मावशी म्हणाली, "पण एक वर, एक खाली." एका उखळात दोन मुसळे चालतात ती या पाळीमुळे, आणि ती पाळी राखायला दोन बायांची चार मनगटे लागतात.

तरीही मावसभावाची हौस मला चुकीची वाटत नाही. जत्रेत पहाटेच्या सुमाराला दशावतारी राजा आणि राक्षस समोरासमोर येतात, पखवाज आणि झांजा चढत जातात आणि तालाच्या प्रत्येक ठोक्यावर तलवारी भिडतात, तेव्हा तिथे मनगटाचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण त्या तलवारीला ना धार असते ना फारसे वजन. दोन्ही हातांत तलवारी घेऊन गिरकी घेणारा नट शोभतोच. मावसभावाच्या मनात हे चित्र होते आणि माझ्या हातात नियमांचे पुस्तक होते.

पुढच्या शनिवारी त्याने तोडगा काढला. त्याचा योद्धा आता दोन महातलवारी पाठीवर बांधून फिरतो आणि लढताना त्यांतली एकच उपसतो. दुसरी कशाला, असे विचारले तर "बरी दिसता" एवढेच उत्तर मिळते. तिचे सहा पौंड मी दर डावात न विसरता त्याच्या ओझ्यात धरतो.