तुम्ही विचारलंत म्हणून: लेन्सचा नंबर नेमका कोण ठरवतं?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांची मोजमापं घ्यायचं काम मी करते. मशीनवर हनुवटी टेकवून बसलेल्या माणसाची मोजणी संपली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "माझ्या लेन्सचा नंबर किती निघाला?" ऑपरेशन होऊन महिना उलटला की तोच माणूस, नाहीतर त्याची मुलगी विचारते, "एवढं सगळं मोजून लेन्स घातलीत, मग चष्मा का लागला?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. पण ते दारात उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

लेन्सचा नंबर म्हणजे चष्म्याचा नंबर नव्हे, हे आधी सांगायला हवं. 22 नंबरची लेन्स बसली म्हणजे डोळा फार अधू होता, असं काही नसतं. डोळ्यात शिरणारा प्रकाश मागच्या पडद्यावर एकवटायचं बहुतेक काम पुढचं पारदर्शक बुबुळ (कॉर्निया) करतं आणि उरलेलं आतलं नैसर्गिक भिंग. मोतीबिंदू म्हणजे तेच भिंग गढूळ होणं. ते काढून टाकलं की त्याच्या वाटणीचं काम कृत्रिम लेन्सवर येतं, आणि सर्वसाधारण डोळ्यात त्यासाठी 21 डायॉप्टरच्या (नंबर ज्यात मोजतात ते एकक) आसपासची ताकद लागते. आयुष्यात कधी चष्मा न लावलेल्या माणसालाही एवढीच. उलट मोठा मायनस नंबर असलेल्याचा डोळा मुळात लांब असतो, त्याला 10 किंवा त्याहूनही कमी ताकदीची लेन्स पुरते. आखूड डोळ्याला 28 सुद्धा लागू शकते.

मग जुन्या चष्म्यावरून लेन्स ठरवता येणार नाही का? एके काळी तसंच करत. साधारण 18 हा आकडा धरायचा आणि मोतीबिंदू होण्याआधीच्या नंबरची सव्वा पट त्यात मिळवायची किंवा वजा करायची. अडचण अशी की मोतीबिंदू स्वतःच चष्म्याचा नंबर बदलतो. भिंगाचा गाभा कडक होत जातो तसा मायनस नंबर वाढतो. "आजोबा हल्ली बिनचष्म्याचे पेपर वाचतात" असं घरचे कौतुकाने सांगतात, तेव्हा बऱ्याचदा ती नजर सुधारल्याची नाही, मोतीबिंदू पिकत चालल्याची खूण असते. म्हणून मला या वर्षीच्या नव्हे, चाळिशीतल्या चष्म्याचा नंबर हवा असतो. मशीन सांगतंय डोळा लांब आणि माणूस सांगतोय तरुणपणी प्लस नंबर होता, तर मी पुन्हा मोजते.

मोजणी किती महत्त्वाची, हे पहिल्याच लेन्सने दाखवून दिलं होतं. 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये डोळ्यांचे सर्जन हॅरोल्ड रिडली यांनी माणसाच्या डोळ्यात पहिल्यांदा कृत्रिम लेन्स बसवली. लढाऊ विमानांच्या काचेसारख्या ॲक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात वर्षानुवर्षं राहूनही डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं. आकार त्यांनी नैसर्गिक भिंगाचाच घेतला, पण ॲक्रिलिक प्रकाश जास्त वळवतं. त्या पहिल्या डोळ्याला अखेर मायनस 18 च्या आसपास नंबर आला. लेन्स डोळ्याने स्वीकारली होती, फक्त तिची ताकद भलतीच जास्त होती. मला या माणसाबद्दल अतोनात आदर आहे. पुढची कित्येक वर्षं त्यांच्याच व्यवसायातल्या लोकांनी त्यांना विरोध केला, आणि आज जगभर ज्या लेन्स बसतात त्या सगळ्यांची सुरुवात तिथे आहे.

त्यानंतर गणित आलं. रशियन नेत्रतज्ज्ञ फ्योदोरोव यांनी 1967 साली लेन्सची ताकद काढायचं सूत्र मांडलं. 1980 च्या सुमारास सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ यांनी झालेल्या ऑपरेशनांच्या निकालांवरून एक सोपं सूत्र बसवलं. ते तिघांच्या आद्याक्षरांनी, एसआरके म्हणून, ओळखलं जातं. आता ते कुणी वापरू नये, पण समजून घ्यायला त्याच्याइतकं सोपं दुसरं नाही. लेन्सच्या जातीचा एक ठरलेला आकडा असतो, समजा 118.4. त्यातून डोळ्याच्या लांबीची अडीच पट वजा करायची आणि बुबुळाच्या वक्रतेतून येणाऱ्या ताकदीची 0.9 पट वजा करायची. डोळा 23.40 मिलिमीटर लांब आणि बुबुळ 44 डायॉप्टरचं असेल, तर 118.4 मधून 58.5 आणि 39.6 गेले, उरले 20.3.

आता यात लांबीचं वजन बघा. एका मिलिमीटरची चूक झाली की लेन्स अडीच डायॉप्टरने चुकते. पूर्वी आवाजाच्या लहरींनी लांबी मोजायचो. ए-स्कॅन नावाच्या त्या यंत्राचं टोक बुबुळाला टेकवायचं आणि पडद्यावर उंच, सरळ उभे राहणारे उंचवटे यायची वाट पाहायची. हात जरा जड पडला तर बुबुळ दबतं, डोळा एक-दोन दशांश मिलिमीटर आखूड भरतो, लेन्स जास्त ताकदीची निघते आणि माणसाला मायनस नंबर येतो. म्हणून पाण्याच्या छोट्या कपातून, बुबुळाला न टेकता मोजायची पद्धत जास्त खात्रीची. 1999 च्या सुमारास प्रकाशाने लांबी मोजणारी यंत्रं आली आणि ही दाबण्याची भानगडच संपली. ती डोळ्याला स्पर्श न करता मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. फक्त मोतीबिंदू फार पिकला असेल तर प्रकाश पलीकडे जात नाही आणि पुन्हा ए-स्कॅनकडे वळावं लागतं. ऑपरेशन लांबवत राहण्याचा हा एक तोटा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

बुबुळाचं माप त्याहून लहरी. डोळा कोरडा असेल तर बुबुळावरचा अश्रूंचा थर तुटतो आणि दर वेळी वेगळा आकडा येतो. म्हणून मी आधी उघडझाप करायला लावते, तीन-चारदा मोजते आणि आकडे जुळले नाहीत तर कोरडेपणावर उपचार करून पुन्हा बोलावते. बाहुली मोठी करायचे थेंब किंवा दुसरी कुठलीही तपासणी या मोजणीच्या आधी नको. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मऊ असतील तर किमान आठवडा-दोन आठवडे आणि कडक असतील तर त्याहून बरेच जास्त दिवस आधी थांबवायला हव्यात, कारण त्या बुबुळाचा आकार दाबून बदलतात. "पुन्हा बोलावलं" म्हणून चिडू नका, एवढीच विनंती. पुन्हा बोलावणारा माणूस तुमचं काम चोख करतो आहे.

एवढं अचूक मोजल्यावरही एक गोष्ट उरते, आणि ती मोजताच येत नाही. नवी लेन्स डोळ्यात नेमकी किती खोलवर स्थिरावणार? जुनं भिंग काढल्यावर त्याची पातळ पिशवी मागे राहते, तिच्यात ही लेन्स बसते आणि पुढच्या काही आठवड्यांत पिशवी आक्रसून तिला धरते. ऑपरेशनआधी ती जागा अस्तित्वातच नसते. उन्हात भिंग धरून कागदावर ठिपका पाडताना भिंग जरासं मागेपुढे झालं तरी ठिपका विस्कटतो, तसंच इथे होतं. लेन्स अंदाजापेक्षा अर्धा मिलिमीटर मागे बसली तर अर्धा-पाऊण नंबर प्लसकडे सरकतो, आणि आखूड डोळ्यात त्याहूनही जास्त. 2008 साली स्वेर्कर नॉरबी या संशोधकाने या साऱ्या चुकांचा हिशोब मांडला, त्यात सर्वांत मोठा वाटा, सुमारे 35 टक्के, लेन्सच्या जागेच्या अंदाजाचा होता. लांबी मोजण्यातल्या चुकीचा वाटा 17 टक्केच. बॅरेट, केन, हिल-आरबीएफ अशी आजची सूत्रं धडपडतात ती मुख्यतः हीच जागा ओळखण्यासाठी. त्यांच्या जोरावर चांगल्या हातात दहांतले सात-आठ डोळे ठरवलेल्या नंबरच्या अर्ध्या डायॉप्टरच्या आत बसतात. उरलेले दोन-तीन बसत नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत कुणी हलगर्जी केलेली असतेच असं नाही.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते. मशीनमधून बाहेर येणाऱ्या कागदावर एकच नंबर कधीच नसतो, आकड्यांची एक उतरंड असते. वरच्याच डोळ्याचं उदाहरण घेतलं तर 20.0 समोर प्लस 0.2, 20.5 समोर मायनस 0.15, 21.0 समोर मायनस 0.5, 21.5 समोर मायनस 0.85. डाव्या बाजूला लेन्स आणि उजव्या बाजूला ती बसवली तर उरणारा चष्म्याचा नंबर. यातली बरोबर कुठली, हे मशीनला माहीत नाही. तुम्हाला कुठल्या अंतरावरचं बिनचष्म्याचं दिसायला हवं आहे, त्यावर ते ठरतं. साध्या लेन्सला एकच अंतर लख्ख दिसतं. नंबर शून्याच्या जवळ ठेवला तर दूरचं दिसतं आणि वाचायला चष्मा लागतो. मायनस अडीच ठेवला तर 40 सेंटिमीटरवरचं, म्हणजे हातातलं पुस्तक, स्वच्छ दिसतं आणि दूरला चष्मा लागतो.

बहुतेकांना दूरचं हवं असतं, म्हणून न विचारताच शून्याजवळची ओळ निवडली जाते. एक बाई दुसऱ्या डोळ्याच्या मोजणीसाठी आल्या होत्या, पहिलं ऑपरेशन दुसरीकडे झालेलं. जन्मभर मायनस तीनचा चष्मा. रात्री तो काढून, पुस्तक तोंडाजवळ धरून वाचत झोपायची त्यांची सवय. ऑपरेशन उत्तम झालं होतं, त्या डोळ्याला दूरचा नंबर जवळपास शून्य. आणि बाई रडवेल्या. "मला लांबचं दिसून काय करायचंय हो? माझी सुई गेली, माझं वाचन गेलं." त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांच्या दुसऱ्या डोळ्यासाठी डॉक्टरांनी आणि त्यांनी मिळून मायनस दोनच्या आसपासची ओळ निवडली. एक डोळा दूरला, एक जवळला. असा फरक प्रत्येकाच्या मेंदूला रुचत नाही. मोतीबिंदू फार दाट नसेल तर कॉन्टॅक्ट लेन्स लावून आधी अजमावून पाहता येतं. त्यांना तो रुचला.

म्हणून मोजणीच्या दिवशी मला तुमच्याकडून आकडे नकोत, तुमचा दिवस हवा. गाडी चालवता का, तीही रात्री? दिवसभर कॉम्प्युटर की शिवणकाम? चष्मा आवडत नाही, की चष्म्याशिवाय चेहरा ओकाबोका वाटतो? काही जण "ते तुम्हीच बघा" म्हणतात. विश्वास म्हणून ते छान वाटतं, पण माझ्या हातातला कागद तेवढ्यावर पुरा होत नाही. एकाहून जास्त अंतरांवरचं दाखवणारी मल्टिफोकल लेन्स हवी असेल तर हा संवाद अजूनच लांबतो, कारण तिथे शून्याजवळ पोचणं जास्त गरजेचं आणि थोडीशी चूकही जास्त जाणवते. तिरपा नंबर मोठा असेल तर तो भागवणाऱ्या टॉरिक लेन्सचा विचार होतो. तिला ताकदीइतकीच दिशाही महत्त्वाची, साधारण 30 अंशांनी फिरली की तिचा उपयोगच संपतो.

आणि दोन गोष्टी न विचारताही सांगा. पूर्वी चष्मा घालवायचं लेझर केलं असेल तर ते. मायनस नंबर घालवताना बुबुळाचा पुढचा भाग सपाट केलेला असतो, नेहमीचं यंत्र त्याची ताकद जास्त धरतं, लेन्स कमी ताकदीची निघते आणि नको असलेला प्लस नंबर हाती येतो. अशा डोळ्यांसाठी वेगळी सूत्रं आहेत, पण लेझर झालंय हेच कळलं नाही तर ती वापरणार कोण? लेझरआधीचे कागद असतील तर जरूर आणा. दुसरं, पडद्याच्या ऑपरेशनात सिलिकॉन ऑइल भरलं असेल तर. तेलातून आवाज सावकाश जातो, त्यामुळे ए-स्कॅनवर डोळा आहे त्यापेक्षा बराच लांब भरतो.

नंबर चुकलाच, तर घाबरून जाऊ नका. अर्धा-पाऊण नंबर चष्म्याने सहज भागतो. चूक मोठी असेल तर बुबुळावर लेझर, आहे त्या लेन्ससमोर दुसरी पातळ लेन्स, किंवा लेन्स बदलणं, असे पर्याय असतात. बदलायचीच असेल तर पिशवीने लेन्स घट्ट धरण्याआधी, सुरुवातीच्या काही आठवड्यांत ते सोपं जातं. म्हणून "बसेल हळूहळू" म्हणत वर्षभर घरी थांबू नका. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन बाकी असेल तर पहिल्याचा नंबर स्थिर होऊ द्या आणि तो कागद दुसऱ्या मोजणीला घेऊन या. पहिली लेन्स अंदाजापेक्षा मागे बसली असेल तर दुसरीही बहुधा तशीच बसते, आणि पहिल्या डोळ्यातल्या चुकीचा साधारण निम्मा भाग दुसऱ्याच्या हिशोबात आधीच धरता येतो.