तुम्ही विचारलंत म्हणून: एकूण खर्च किती आला?

ओळख होऊन पाच मिनिटं झाली, मी एकटी परदेशात पाठीवर बॅग टाकून सात आठवडे फिरून आले हे कळलं, की हा प्रश्न येतोच. गेली सहा वर्षं येतोय. त्याच्या मागोमाग आणखी दोन असतात, "एकटीच?" आणि "घरचे काही बोलले नाहीत?" पण लोकांना खरा रस आकड्यात असतो. मलाही तो सांगायला आवडायचं. पाठ होता. समोरच्याच्या भुवया वर जायच्या आणि मला बरं वाटायचं.

अलीकडे मी तो सांगणं बंद केलंय. त्यावरून दोघीतिघी दुखावल्या. एकीनं तर तोंडावर म्हटलं, "स्वतः जाऊन आलीस, आता दुसऱ्यांनी जाऊ नये असं वाटतंय ना तुला?" हे मला लागलं. कारण मला अगदी उलट वाटतं. म्हणून एकदाच सगळं लिहिते, म्हणजे पुन्हा कुणी विचारलं तर हेच पुढे करता येईल.

देशाचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की तुम्ही त्या देशाला बोल लावाल, आणि चूक देशाची नव्हती.

जे खरंच जमलं ते आधी सांगते, कारण त्याचा मला अजूनही अभिमान आहे. स्वस्त विमान कंपन्यांमध्ये तिकिटाबरोबर बहुतेकदा सात किलोंची केबिन बॅगच मिळते, त्यावर वजन गेलं की पैसे मोजावे लागतात. माझी बॅग साडेसहा किलो भरली आणि परतीपर्यंत तेवढीच राहिली. दर तिसऱ्या दिवशी कपडे धुवायचे, बस. लांबचा पल्ला रात्रीच्या बसनं, म्हणजे प्रवास आणि मुक्काम एकाच पैशात. एटीएमचं मशीन विचारतं, "रक्कम तुमच्या देशाच्या चलनात वजा करू का?" तिथे दर वेळी नाही म्हणायचं. ती सोय वाटते, पण तो दर बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो. आणि शहरं कमी करायची. आठ ठिकाणांची चार केली, तेव्हा खर्च निम्म्यावर आला आणि रस्ते ओळखीचे झाले.

डॉर्मबद्दल, म्हणजे अनोळखी प्रवाशांबरोबर एकाच खोलीत झोपण्याबद्दल, लोक नाक मुरडतात, त्यांच्याशी मी आजही भांडते. १९०९ साली रिखार्ड शिरमान नावाचा एक जर्मन शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला होता. वादळात सापडल्यावर त्यांनी एका शाळेत आसरा घेतला. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांमध्ये अशी झोपायची सोय का असू नये, हा विचार तिथून आला, आणि पुढे आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा वसतिगृह उभं राहिलं. आठ अनोळखी माणसांच्या खोलीत झोपणं ही त्यामुळे मला कधी तडजोड वाटली नाही. मला जे वाचवलं तेही त्या खोलीनंच.

एक धक्का निघतानाच बसला होता. मी एकेरी तिकीट काढलं होतं, पुढचं पुढे बघू म्हणून. चेक-इनच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "तिथून बाहेर पडायचं तिकीट?" मी वाद घातला. मग त्यांनी शांतपणे समजावलं: कोणत्या देशाला कोणते कागद लागतात हे त्यांच्यासमोरच्या प्रणालीत दिसतं, आणि तिकडून मला परत पाठवलं तर मला आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते, दंडही होऊ शकतो. रांगेतून बाजूला होऊन मी फोनवर घाईघाईत पुढचं तिकीट काढलं. आठवडाभर आधी ते बरंच स्वस्त मिळालं असतं. तिथेच शहाणी व्हायला हवं होतं मी. नाही झाले. ते पैसे कुठून भरून काढायचे, एवढंच डोक्यात राहिलं.

आता विमा.

युरोपातल्या बऱ्याच देशांत फिरायला लागणारा शेंगेन व्हिसा काढायचा तर किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा सक्तीचा असतो. मी जिथे जाणार होते तिथे तशी सक्ती नव्हती. खर्चाच्या वहीत मी 'विमा' असं लिहिलं होतं, पुढे रक्कमही लिहिली होती. निघायच्या आदल्या रात्री ती ओळ खोडली. वय एकतीस, तब्येत ठणठणीत, सात आठवड्यांचाच तर प्रश्न, असा हिशेब केला.

पाचव्या आठवड्यात ताप आला. दुपारी चालता चालता डोळ्यांच्या मागे दुखायला लागलं, संध्याकाळपर्यंत अंग असं मोडून आलं की डॉर्मच्या वरच्या पलंगाची शिडी चढताना मी मध्येच थांबून रडले. रात्रीसाठी माझ्याकडे मच्छरदाणी होती. डेंग्यूचा डास दिवसा चावतो हे मला पुस्तकी माहीत होतं, पण डास पळवायचं मलम बॅगेच्या तळाशी होतं आणि पुरवून वापरायचं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पलंगावरच्या मुलानं त्याच्याकडच्या आयबुप्रोफेनच्या गोळ्या दिल्या. भल्या मनानंच दिल्या. मी दोन दिवस त्या घेतल्या. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घ्यायचं नसतं, त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो, पॅरासिटामॉलच घ्यायचं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. डॉक्टरकडे जाण्याचा विचार रोज मनात यायचा आणि रोज मी तो उद्यावर ढकलायचे. आईचा फोन आला की कॅमेरा बंद ठेवून म्हणायचे, "इथे नेटवर्क नाही गं."

चौथ्या दिवशी दुपारी ताप उतरला. तो आनंद मला अजून आठवतो. कपाळ गार, घाम आलेला, खिडकीतून वारा. मी उठले आणि बॅग भरायला घेतली. त्या रात्रीच्या बसचं तिकीट आधीच काढलेलं होतं, दहा तासांचा प्रवास, पैसे परत न मिळणारं तिकीट. पोटात दुखत होतं आणि सकाळपासून दोनदा उलटी झाली होती, पण ताप गेला म्हणजे आजार गेला असंच मी धरून चालले.

खालच्या पलंगावर साठीतल्या एक बाई होत्या. चार दिवसांत आमचं फारसं बोलणं झालं नव्हतं. त्या पुस्तक वाचत होत्या. मी चपला घालायला वाकले तशी मला पलंगाची दांडी धरावी लागली. त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "आज लघवीला किती वेळा गेलीस?"

मला प्रश्नाचा राग आला. मग आठवून पाहिलं. सकाळी एकदाच.

पुढचा प्रश्न, "गोळ्या कुठल्या घेतल्यास?" मी पाकीट दाखवलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि परत दिलंच नाही. त्यांना स्वतःला पूर्वी डेंग्यू होऊन गेला होता. ताप उतरतो तेव्हाच खरा धोक्याचा काळ सुरू होऊ शकतो, हे त्यांनी मला सांगितलं. पुढच्या एकदोन दिवसांत रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपायला लागतो, रक्तदाब पडतो, आणि पोटदुखी आणि सतत उलट्या ही त्याची आधी दिसणारी खूण असते. मी म्हटलं, "पण माझ्या बसचं तिकीट काढलेलं आहे."

हे वाक्य मी उच्चारलं. सहा वर्षं झाली, अजून ते माझ्याच आवाजात ऐकू येतं.

त्या रागावल्या नाहीत. "तिकीट राहू दे," एवढंच म्हणाल्या आणि गाडी बोलावली. रुग्णालयाच्या खिडकीवर पहिल्यांदा विम्याचा क्रमांक विचारला. नाही म्हटल्यावर अनामत रक्कम भरायला सांगितली. माझं कार्ड चाललं नाही. चोरीला गेलं तर नुकसान कमी व्हावं म्हणून मीच त्याची रोजची मर्यादा अगदी खाली आणून ठेवली होती, आणि ती वाढवायला लागणारा संदेश घरच्या सिमवर येणार होता. रोमिंगचे पैसे वाचवायला ते सिम मी घरीच ठेवून आले होते. माझ्या सगळ्या काटकसरी त्या एका खिडकीपाशी एकमेकींना येऊन भेटल्या. बाईंनी स्वतःचं कार्ड पुढे केलं. माझं आडनावसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

प्लेटलेट्स ३८,००० निघाल्या. निरोगी माणसाच्या साधारण दीड लाख ते साडेचार लाख असतात. तीन रात्री सलाइन, दर काही तासांनी रक्तदाब आणि रक्ताची तपासणी. पहिल्या रात्री बाई खुर्चीत बसून होत्या. मी ज्या बसमध्ये असणार होते ती त्या वेळी घाटात असेल, हा विचार मी रात्रभर करत होते. बाईंचे पैसे मी नंतर परत केले. बाकीचं कसं फेडायचं ते मला कळलेलं नाही.

आता कबूल करते. जो आकडा मी सहा वर्षं सांगत आले, त्यात त्या रुग्णालयाचं बिल नाही. वहीत त्या तीन दिवसांची पानं कोरी आहेत. बिल धरलं तर माझी ती स्वस्तातली सहल काही स्वस्त राहत नाही. तेवढ्या पैशांत तुम्ही एखाद्या पर्यटन कंपनीबरोबर आरामात फिरून आला असतात.

"बघ, आम्ही म्हणतच होतो," असं म्हणणाऱ्यांना मात्र मी हे हत्यार देणार नाही. तुम्ही म्हणत होतात की एकटीनं जाऊ नये. मी आजारी पडले ते डासामुळे, आणि अडले ते विमा नसल्यामुळे. सोबत कुणी असतं तरी डास चावलाच असता. आणि पुरेसे पैसे साठेपर्यंत थांब, हा सल्ला देणाऱ्यांचे पैसे बहुतेकदा आधीच साठलेले असतात. मी थांबले असते तर आजही थांबलेलीच असते.

पण हे लिहिताना गप्प बसवत नाही. पैसे नव्हते म्हणून मी विमा खोडला, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. विम्यापुरते पैसे होते. ती ओळ खोडली की वहीतली बेरीज मी मनात धरलेल्या आकड्याच्या आत बसत होती. मला ती बेरीज हवी होती. परत येऊन सांगायला.

त्या वेळच्या मला मी मनातल्या मनात रागावते, तर ती उलट विचारते, "ते बिल तुला आधी दिसलं असतं, तर तू घराबाहेर पडली असतीस का?" नसते पडले. हे खरं उत्तर आहे आणि त्यापुढे मला बोलता येत नाही. बाजारातल्या आवाजात हरवून चालणं, भाषा येत नसताना अख्खी संध्याकाळ कुणाशी तरी बोलत बसणं, पहाटे अनोळखी स्टँडवर उतरून आपला रस्ता आपण शोधणं, यातलं काहीच मला परत द्यायचं नाही. त्याच वेळी हेही दिसतं की त्या बाई त्या दिवशी दुसऱ्या डॉर्ममध्ये असत्या, तर मी बसमध्ये चढले असते.

आईला अजून सांगितलेलं नाही. "घरचे काही बोलले नाहीत?" याचं उत्तर हेच.

आता भाची विचारतेय. पंचवीस वर्षांची आहे, पहिलीच वेळ, एकटी जाणार आहे. मी तिला सांगितलं: विमा काढ आणि त्यात काय वगळलंय ते वाच, परवाना नसताना दुचाकी चालवून पडलीस तर बहुतेक विमे हात वर करतात. दोन कार्डं वेगवेगळ्या ठिकाणी ठेव. घरचं सिम चालू ठेव. अपरात्री पोहोचशील असं तिकीट घेऊ नकोस. ती सगळ्याला हो म्हणाली. मग विचारलं, "ते ठीक आहे मावशी, पण एकूण किती लागतील?"

तीनदा उत्तर लिहून पुसलं. बिलासकट आकडा सांगितला तर ती जाणार नाही, तिचे साठवलेले पैसे मला माहीत आहेत. बिल सोडून सांगितला तर मी तिला तेच सांगेन जे सहा वर्षं सगळ्यांना सांगत आले. ती तिकीट काढायची थांबली आहे, माझ्या उत्तरासाठी.